पीएच.डी.च्या सत्कारानंतर

शाळेच्या वर्धापनदिनी पीएच.डी. संपादन केलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याची आपली प्रथा आहे. शाल, ग्रंथ आणि व्यासपीठावर आईवडिलांसह काढलेले छायाचित्र. ते छायाचित्र पुढे कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लागते. पाचवीत वळकटी घेऊन वसतिगृहात आलेले, पहिला आठवडा घराच्या आठवणीने रडून काढलेले मूल त्या भिंतीवर 'डॉ.' म्हणून झळकते, तेव्हा आम्हां शिक्षकांना जे समाधान होते त्याला तोड नाही. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाला एक खोड असते. चित्र पाहिले की त्याच्या पुढच्या साली काय घडले, असे तो विचारतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्या भिंतीवरील विज्ञान शाखेच्या ज्या ज्या माजी विद्यार्थ्यांचे क्रमांक आमच्याजवळ होते, त्यांना आम्ही दूरध्वनी केले. कोणी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत आहे, कोणी औषध कंपनीत नमुने तपासत आहे, कोणी शिकवणी वर्गात अकरावीचे रसायनशास्त्र घेत आहे, तर कोणी पुन्हा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसला आहे. ही कामे कमी प्रतीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र पाच-सहा वर्षे घासून जे संशोधन त्यांनी केले, त्याच्या पुढचे पाऊल टाकलेला एकही जण आम्हांला त्या दूरध्वनींत भेटला नाही.

त्यांतील एकाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. नाव सांगत नाही, कारण तशी त्याची विनंती आहे. त्याचे आईवडील शेतमजूर. दुसऱ्याची तूर सोंगायला जाणाऱ्या घरातील या मुलाने पीएच.डी. केली तीही तुरीवरच, म्हणजे तुरीच्या मर रोगावर. फुलोऱ्यात आलेले हिरवे झाड उभ्या उभ्या वाळते. खोड चिरून पाहिले तर आत काळपट रेघ दिसते. आणि या सगळ्याचे मूळ म्हणजे जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहणारी फ्युजारियम नावाची बुरशी. या विषयावर त्याचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. मौखिक परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी "हे काम पुढे न्या" असे सर्वांसमक्ष सांगितले. पुढे न्यायचे म्हणजे कोठे आणि कसे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नाही. त्यानंतर दोन वर्षे तो जाहिरातीची वाट पाहत राहिला. "रोज पेपर बघतो सर. जाहिरात निघाली की लगेच अर्ज टाकतो," असे तो आम्हांला म्हणाला, तेव्हा आम्ही काही क्षण गप्प झालो. कारण हे वाक्य त्याला आम्हीच शिकविले होते.

आपल्या पिढीची जाहिरातीवर श्रद्धा आहे आणि ती भाबडी नाही. जाहिरात निघते तेथे बिंदुनामावली असते, जागांचा प्रवर्ग छापलेला असतो, अन्याय झाला तर दाद मागता येते. आमची स्वतःची नोकरी जाहिरातीने मिळाली. ओळखीपाळखीने मिळणाऱ्या जागा आपल्या माणसांसाठी कधीच नव्हत्या; छापील कागदाने मात्र आपल्याला आत घेतले. म्हणून 'जाहिरात पाहत राहा' हा उपदेश आम्ही प्रत्येक तुकडीला मनापासून केला. विज्ञानातील पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागा मात्र बऱ्याच अंशी या वाटेने येत नाहीत, हे आम्हांला ठाऊक नव्हते. या एका अज्ञानाची किंमत आपली मुले मोजत आहेत, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

पोस्ट-डॉक्टरल संशोधन, ज्याला ही मुले थोडक्यात 'पोस्टडॉक' म्हणतात, म्हणजे आणखी एक पदवी नव्हे. पीएच.डी. झालेल्या तरुणाने दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे पगारावर संशोधन करावे, नवे तंत्र शिकावे, स्वतःच्या नावाने निबंध प्रसिद्ध करावेत आणि मग स्वतंत्र प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ म्हणून उभे राहावे, अशी ही मधली पायरी आहे. आयआयटी, आयसर यांसारख्या संस्थांत साहाय्यक प्राध्यापक व्हावयाचे तर पीएच.डी.नंतरचा असा काही वर्षांचा अनुभव प्रायः पाहिला जातो. म्हणजे ही पायरी ज्याला सापडली नाही, त्याच्यासाठी वरचा दरवाजा बंद झाल्यासारखाच असतो. आणि गंमत अशी की तो कोणी बंद केला हे कोणालाच दिसत नाही.

या जागेसाठी लागणारा पैसा दोन वाटांनी येतो. एक, प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पाच्या अनुदानातून. अशी जागा निघाली तरी ती संस्थेच्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात दहा-पंधरा दिवस असते. आपल्याकडे तर अनेकदा थेट मुलाखतीलाच बोलावतात आणि खाली 'प्रवासभत्ता दिला जाणार नाही' अशी ओळ असते. नांदेडहून बेंगळुरूला स्वखर्चाने जाऊन परत येणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरी वाट म्हणजे उमेदवाराने स्वतः मिळवावयाची फेलोशिप. केंद्र सरकारची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे. तिचे काम पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ पाहत असे, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन पाहते. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप आहे, सीएसआयआरची आहे. बाहेर जावयाचे तर जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपीय संघाची मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी, ब्रिटनची न्यूटन, जपानची जेएसपीएस. या यादीत खरी गोम अशी आहे की यांतील बहुतेक फेलोशिपच्या अर्जाला 'हा उमेदवार माझ्याकडे आला तर मी त्याला जागा देईन' असे यजमान प्राध्यापकाचे संमतिपत्र लागते. म्हणजे पैसा कोणत्याही वाटेने येवो, प्राध्यापक आधी शोधावा लागतो. आणि प्राध्यापक शोधावयाचा म्हणजे त्याला पत्र लिहावयाचे.

येथे आमचा माजी विद्यार्थी अडखळला. "ओळख ना पाळख, सर. असं कसं लिहायचं? हात पसरल्यासारखं वाटतं," असे तो म्हणाला. या वाक्यामागे किती पिढ्यांचा स्वाभिमान आहे हे आम्ही जाणतो; मागून न घेण्याचा बाणा आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. पण संशोधकाने संशोधकाला लिहिलेले पत्र हे याचनेचे पत्र नसते. तुमचा अमुक निबंध मी वाचला, त्यातील या निष्कर्षाशी माझे काम असे जुळते, मला या या पद्धती येतात, तुमच्याकडे येऊन मला हा प्रश्न सोडवावयाचा आहे, एवढाच मजकूर एका पानात लिहावयाचा. सोबत स्वतःच्या कामाची माहिती आणि ज्यांच्याकडे विचारणा करता येईल अशा तीन शिक्षकांची नावे. 'आदरणीय महोदय' असा मायना घालून एकच मजकूर शंभर जणांना पाठविला तर एकही उत्तर येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यांचे निबंध आपण आपल्या प्रबंधात उद्धृत केले, त्यांच्यापासूनच यादी सुरू करावी. त्या यादीतले लोक आपल्याला ओळखत नसले तरी आपण त्यांना पाच वर्षे ओळखत असतो. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी नम्र आठवण द्यावी. अनेक पत्रे निरुत्तर जातात. तो अपमान समजू नये. ब्राह्मणाच्या मुलाचीही जातात.

मात्र एक भेद येथे आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या घरात बहुधा कोणी मामा, कोणी आत्या, कोणी वडिलांचा मित्र अशा संस्थेत असतो. पत्र कसे लिहावे, केव्हा लिहावे, कोणत्या प्राध्यापकाकडे जाऊ नये, हे त्याला जेवणाच्या ताटावर ऐकावयास मिळते. त्याचा मार्गदर्शक परिषदेत चहा पिताना सहज म्हणतो, 'माझा एक विद्यार्थी मोकळा होतो आहे, पाहा.' ही निवड कोणत्याही कागदावर जातीने झालेली नसते, आणि तरीही शेवटी भिंतीवरची छायाचित्रे पाहिली की कोणाची झाली ते कळते. 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये भारतातील विज्ञानसंस्थांतील जातीय विषमतेवर विस्तृत लेख छापला; अग्रगण्य संस्थांतील प्राध्यापकांत दलित-आदिवासींचे प्रमाण किती तुटपुंजे आहे, हे त्यातून जगाने वाचले. २०१९ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात टाटा मूलभूत संशोधन संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र अशा संस्थांची नावे घालून त्यांना आरक्षणातून वगळले आहे. म्हणून लढाई तेथेही आहे, आणि ती संघटनांनी लढावी. पण जो मुलगा आज तासिकेवर शिकवीत आहे, त्याला त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत थांबता येणार नाही.

शिफारसपत्र आणि ओळख या गोष्टी आपल्या इतिहासाला परक्या आहेत असेही नाही. कोलंबिया विद्यापीठातून बाबासाहेब १९१६ साली लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. बाबासाहेबांची विद्वत्ता त्या पत्रावर अवलंबून नव्हती. पण ते पत्र लिहिले गेले आणि ते योग्य माणसाकडे गेले. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवावे लागले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. आपण प्रत्येक १४ एप्रिलला हा प्रसंग सांगतो. त्यातील जिद्द सांगतो. त्यातले पत्र आणि कर्ज मात्र आपण घाईने ओलांडून जातो.

विज्ञानातीलच उदाहरण हवे असेल तर मेघनाद साहांचे घ्यावे. ढाक्याजवळच्या खेड्यातील किराणा दुकानदाराचा हा मुलगा. जातीमुळे कोलकात्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात त्यांना पंक्तिभेद सोसावा लागला. १९१९ च्या सुमारास डी.एससी. झाल्यावर प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. (हे प्रेमचंद रायचंद म्हणजे ज्यांनी मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्या आईच्या नावाने बांधविला, तेच व्यापारी. मुंबईच्या कापसाचा पैसा बंगालच्या शास्त्रज्ञाला लंडनला घेऊन गेला, हे शाळेत कोणी शिकवीत नाही.) तेथे आधीच काम करीत असलेल्या एका जुन्या सहाध्यायाने त्यांना इंपीरियल कॉलेजातील आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेची वाट दाखविली. ताऱ्यांच्या वर्णपटांचा फाउलर यांच्याइतका जाणकार तेव्हा विरळा. साहांनी आपले ताऱ्यांच्या वर्णपटांवरील काम तेथे पुन्हा तपासून लिहिले, १९२१ साली ते प्रसिद्ध झाले, आणि साहा समीकरण आज जगभरच्या खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यानंतर ते बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. 'पोस्टडॉक' हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणी उच्चारीत नव्हते, पण साहांनी केले ते हेच. बुद्धी त्यांची स्वतःची होती. प्रयोगशाळेचा पत्ता मात्र सहाध्यायाने दिला होता.

आपल्या मुलांजवळ तो सहाध्यायी नाही. शिवाय सरकारी योजनांची शिडीसुद्धा याच ठिकाणी थांबते. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही तशीच, आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.पर्यंत. विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमातींसाठी पीएच.डी.नंतरची स्वतंत्र फेलोशिप चालविली होती, पण ती माहीत असलेला एकही जण आम्हांला त्या दूरध्वनींत भेटला नाही. घरातही पीएच.डी. म्हणजे शेवट, असेच सर्वांना वाटते. सत्कार झाला, गावात फलक लागला. आता नोकरी, बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब.

आणि या काळात एक घड्याळ चालू असते. हुम्बोल्ट फेलोशिपला पीएच.डी. होऊन ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मारी क्युरीची मर्यादा ८ वर्षांची. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षांची ठेवलेली असून आपल्या मुलांना ५ वर्षांची सवलत आहे. नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची सूचना पाहावी. तासिकेवर घालविलेली दोन वर्षे नुसती वाया जात नाहीत, ती या मर्यादेतून वजा होतात. खरे तर पत्रे लिहावयाची वेळ सत्कारानंतरची नाही. प्रबंध सादर करण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधीची आहे. राष्ट्रीय फेलोशिपला तर प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यालाही अर्ज करता येतो. आम्हांला हे कळले तेव्हा आमच्या विद्यार्थ्याची दोन वर्षे निघून गेली होती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आमच्याच शिक्षक-खोलीत आला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, ही सगळी कंत्राटी कामं. दोन वर्षं इथं, तीन वर्षं तिथं, चाळिशीला पोहोचला तरी कायम नोकरी नाही. गरिबाच्या पोराला या नादाला कशाला लावता?" हा आक्षेप खोटा नाही. पोस्टडॉक करून परत आलेल्या सर्वांना प्राध्यापकपद मिळते असे मुळीच नाही. जगभर हे तरुण याच अनिश्चिततेत आहेत, आणि काही प्रयोगशाळांत त्यांना स्वस्त मजुरासारखे राबवून घेतात हेही आम्ही ऐकतो. म्हणून जाण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील आजीमाजी लोकांशी बोलावे, करार किती महिन्यांचा, वेतन त्या शहराच्या घरभाड्याला पुरते काय, आधीचे लोक येथून कोठे गेले, हे विचारावे. ज्याला हे नको असेल त्याने बँकेत जावे, शिक्षक व्हावे; आम्हीही शिक्षकच आहोत. आमचे म्हणणे एवढेच की 'मला नको' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला वाट ठाऊक आहे त्यालाच असतो. आमच्या विद्यार्थ्याने ती वाट नाकारली नव्हती. त्याला ती दिसलीच नव्हती.

दुसरी अडचण रोख पैशाची. समजा निवड झाली. व्हिसाचे शुल्क, कागदपत्रांचे साक्षांकन, विमानाचे तिकीट, तेथे घर घेताना दोन-तीन महिन्यांची अनामत, आणि पहिला पगार महिना भरल्यावर. प्रवासखर्च देणाऱ्या संस्था अनेकदा तो मागाहून देतात. म्हणजे ज्याला पुढच्या महिन्यापासून चांगले वेतन मिळणार आहे, त्याच्याजवळ या महिन्यात काही लाख रुपये हवेत. बँक त्याला शैक्षणिक कर्ज देताना कचरते, कारण हा अभ्यासक्रम नव्हे. वैयक्तिक कर्ज देत नाही, कारण त्याच्याजवळ वेतनचिठ्ठी नाही. येथे देणगी नको, परतीचा निधी हवा. आपल्या माजी विद्यार्थी मंडळाने प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी पैसे जमविले आहेत. कमान पुढच्या वर्षी बांधली तरी चालेल, असे आम्हांला वाटते. मंडळींनी रागावू नये. त्या रकमेतून वर्षाला एका-दोघांना बिनव्याजी उचल दिली आणि त्यांनी ती वर्षभरात फेडली, तर तोच पैसा पुन्हा पुन्हा फिरेल.

आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी आपले नाव द्यावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये किंवा परदेशी विद्यापीठात आपल्या ओळखीचे कोणी असेल, मग ते तंत्रज्ञ असोत वा संशोधक, त्यांनी शाळेच्या कार्यालयात ठेवलेल्या नोंदवहीत आपला विषय, संस्था आणि संपर्क लिहून ठेवावा. शिफारस करा असे आम्ही म्हणत नाही. एखाद्याचे पत्र वाचून त्यातील दोन ओळी दुरुस्त करून द्या, अमुक प्रयोगशाळा कशी आहे ते सांगा, एवढेच. वही सध्या अर्धीही भरलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्याने जुलैपासून चौदा पत्रे लिहिली. पहिली चार आम्ही वाचली. विज्ञान आम्हांला कळले नाही, पण 'कृपाभिलाषी' या अर्थाचे शब्द आम्ही खोडले. त्याच्या मार्गदर्शकांनी थोड्या आढेवेढ्यांनंतर शिफारसपत्र दिले आणि ते चांगले दिले. तीन उत्तरे आली. एका ठिकाणी जागा नव्हती. एकाने पुढच्या वर्षी लिहा म्हटले. नेदरलँड्समधील एका विद्यापीठातून ऑनलाइन मुलाखतीचे बोलावणे आले: चाळीस मिनिटे स्वतःच्या कामावर बोलावयाचे आणि मग प्रश्न.

इंग्रजीतून चाळीस मिनिटे बोलण्याची त्याला धास्ती होती. म्हणून गेल्या शनिवारी त्याला आम्ही शाळेत बोलावले आणि नववीच्या वर्गासमोर उभे केले. पहिली दहा मिनिटे तो पडद्याकडेच पाहून बोलत होता. मग त्याने तुरीचे वाळलेले झाड दाखविले आणि वर्ग हलला, कारण ते सर्वांनी पाहिलेले होते. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "दादा, एक झाड मरतं आणि त्याला चिकटून असलेलं दुसरं कसं जगतं? माती तर एकच ना?" तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "मला तिथं जाऊन हेच तर शोधायचंय." त्या रात्री त्याने आपल्या भाषणाचा क्रम बदलला आणि तो प्रश्न सर्वांत आधी घेतला. मुलाखत येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला आहे. त्याच्या गावी रेंज नसते म्हणून संगणक कक्षाची किल्ली त्या दिवशी आमच्याकडे ठेवावी, असे आम्ही मुख्याध्यापकांना सांगून ठेवले आहे.